पनचक्की: चाक पाण्याला फिरवते की पाणी चाकाला?

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या घरात एका लाकडी चाकावरून बरीच चर्चा झाली. कोंढव्याकडे येताना रस्त्याकडेच्या नर्सरीत मुलाने शोभेची पनचक्की पाहिली होती. हातभर व्यासाचे लाकडी चाक, वरून पडणारी पाण्याची बारीक धार, खाली छोटे टाके, टाक्यात दोन कमळे. किंमत ऐकून मी पुढे चालू लागले, पण पोराने हट्ट सोडला नाही. "अम्मी, आपल्या परसात छान दिसेल. विकत नको तर मिस्त्रीचाचांकडून बनवून घेऊ."

मिस्त्री आमच्या ओळखीचे. टिंबर मार्केटमधून सागवानाचे उरलेले तुकडे आणून खिडक्या दुरुस्त करून देतात. त्यांनी माझे हातवारे शांतपणे पाहिले, कानामागची पेन्सिल काढली आणि विचारले, "टीचर, एक सांगा. हे चाक पाणी उचलणार आहे, की पाणी चाकाला फिरवणार आहे? त्याप्रमाणे पाती तिरकी ठेवायची की सरळ, ते ठरेल."

मी गप्प झाले. वीसेक वर्षे मुलांना उर्दू आणि मराठी शिकवते, इतिहासाचे तासही घेते, पण हा साधा प्रश्न मला कधी पडला नव्हता. त्या रात्री पुस्तके काढून बसले. हा लेख त्या प्रश्नाचे लांबलेले उत्तर आहे.

दोन चाके, दोन कामे

मिस्त्रींचा प्रश्न मुळापासून बरोबर होता. पाण्याची चाके दोन जातींची असतात.

पहिले चाक पाणी उचलते. आपल्याकडचा रहाट तो हाच. कोकणात नारळी-पोफळीच्या बागा शिंपायला विहिरीवर रहाट असत. दोरांच्या माळेला मातीची लहान मडकी बांधलेली, माळ चाकावरून विहिरीत सोडलेली, आणि बाजूला एखादा बैल किंवा रेडा गोल फिरतो आहे. मडके खाली जाताना रिकामे, वर येताना भरलेले. वर आले की पन्हळीत ओतते आणि पुन्हा खाली जाते. संसाराला आपण 'रहाटगाडगे' म्हणतो ते यावरूनच. देशावर विहिरी खोल, तिथे मोट होती. कोकणात पाणी वर, तिथे रहाट.

दुसरे चाक पाणी उचलत नाही. पडत्या किंवा वाहत्या पाण्याचा जोर अंगावर घेते आणि तो दुसऱ्या कामाला लावते: धान्य दळायला, ऊस पिळायला, लाकूड कापायला, कागदाचा लगदा कुटायला. ही पनचक्की.

पहिल्या चाकात बैल दमतो आणि पाणी वर येते. दुसऱ्यात पाणी खाली येते आणि माणसाचा हात दमायचा वाचतो. नर्सरीतले शोभेचे चाक मात्र तिसऱ्याच प्रकारचे. विजेचा पंप पाणी वर नेतो, तेच पाणी चाकावर पडते, चाक फिरते, आणि फिरून काहीच करत नाही. वीज जाते, पाणी उडून जाते, डोळ्यांना मात्र बरे वाटते.

आपण शोधले का?

हा विषय वर्गात काढला तर पहिला हात वर होतो तो "टीचर, हे मुसलमानांनी शोधले ना?" असे विचारायला. मोबाईलवर फिरणारे निरोप मुलेही वाचतात. एका निरोपात जगातली प्रत्येक वस्तू आपण शोधलेली असते, दुसऱ्यात आपण जगाला काहीच दिलेले नसते. इतिहास शिकवणाऱ्याने दोन्ही बाजूला ठेवायला हवेत.

तर नाही, पाण्याचे चाक मुसलमानांनी शोधले नाही. इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या शतकात व्हिट्रुव्हियस या रोमन वास्तुशास्त्रज्ञाने दात्यांच्या चाकांनी जाते फिरवणाऱ्या पनचक्कीचे वर्णन करून ठेवले आहे. त्याच सुमाराच्या अँटिपेटर नावाच्या ग्रीक कवीने तर पनचक्की आल्याबद्दल दळणाऱ्या मुलींचे अभिनंदन केले आहे: आता पहाटे उठायला नको, तुमचे काम पाण्याच्या देवता करतील. चीनमध्येही पाण्याच्या चाकावर लोहाराचे भाते चालत. आपल्याकडे 'अरघट्ट' हा संस्कृत शब्द जुना आहे आणि मराठी 'रहाट' त्याच्यातूनच आला.

मग या कहाणीत इस्लामी जगाचा वाटा कोणता? तो आहे आणि मोठा आहे. चाक त्यांनी जिथे मिळाले तिथून घेतले, सुधारले आणि कोरड्या मुलखांत दूरवर नेले. सीरियात हमा शहरी आसी नदीवर उभी असलेली लाकडी चाके वीस मीटरच्या घरात उंच आहेत. फिरताना ती कण्हतात, म्हणून अरबीत त्यांचे नाव 'नाऊरा', म्हणजे कण्हणारी. हाच शब्द स्पेनमध्ये जाऊन 'नोरिया' झाला. कुर्तुबा शहराच्या, म्हणजे आजच्या कॉर्डोबाच्या, नदीकाठी अल्बोलाफिया नावाचे चाक आहे आणि त्या शहराच्या जुन्या चिन्हात पाण्याचे चाक दिसते. बैलाने फिरवायच्या रहाटाला अरबीत 'साकिया' म्हणतात. उर्दू शायरीतला साकी त्याच धातूचा: पाजणारा. स्पॅनिश शेतकरी आजही पाटाला 'आसेकिया' म्हणतो, तोही याच कुळातला. शायरीतल्या साकीच्या हातात मद्याचा प्याला असतो, शेतातली साकिया मिरचीला आणि वांग्याला पाणी पाजते. मला दुसरी जास्त आवडते.

भारतातही अशीच देवघेव आहे. बाबराने आपल्या आठवणींत लिहिले आहे की लाहोर, दीपालपूर, सरहिंद या भागात दोरांच्या माळेला घडे बांधून चाकाने पाणी काढतात, आणि आग्रा-बयाना भागात बैल जोडून चामड्याच्या मोटेने. मोटेची पद्धत त्याला कष्टाची आणि घाणेरडी वाटली. इतिहासकार इरफान हबीब यांचे म्हणणे असे की चाकाच्या कडेला मडकी बांधायची रीत भारतात आधीपासून होती. पण दाते असलेल्या लाकडी चाकांची जोडणी, जिच्यामुळे आडवे फिरणारे जनावर उभे चाक फिरवू शकते, ती तुर्कांच्या आगमनाबरोबर पसरली. सगळ्या अभ्यासकांना हे पटते असे नाही. पण मला त्यातली गोष्ट आवडते: मडके इथले, दाते तिथले, आणि पाणी शेतकऱ्याचे.

शोभेची गाय

शोभेची पनचक्की ही आजची चैन असेल असे मला वाटले होते. तसे नाही.

इसवी सन १२०६ मध्ये आजच्या तुर्कस्तानातील दियारबकर इथे अल-जझरी नावाच्या कारागिराने एक मोठा ग्रंथ पूर्ण केला. तो तिथल्या अर्तुकी राजांच्या पदरी होता. ग्रंथात पाण्याची घड्याळे, कारंजी, हात धुवायला पाणी ओतणारी यंत्रे आणि पाणी उपसायची पाच यंत्रे आहेत, चित्रांसह. या विद्येला अरबीत 'इल्म-अल-हियल' म्हणत. 'हियल' हे 'हीला' या शब्दाचे अनेकवचन. उर्दूत आपण 'हीला-बहाना' म्हणतो तोच हा हीला. म्हणजे युक्तीची विद्या. मराठीत म्हणायचे तर हिकमत, आणि तो शब्दही अरबीच.

त्या पाच यंत्रांतल्या एकात एक लाकडी गाय आहे. तलावाकाठी रहाट फिरतो आहे, गाय त्याला जुंपलेली, गोल गोल चालते आहे. बघणाऱ्याला वाटते, गायच रहाट ओढते. खरे तर खाली लपवलेल्या चाकावर पाणी पडते आहे, ते चाक रहाट फिरवते आणि गायीलाही फिरवते. गाय शोभेची, काम पाण्याचे! आठशे वर्षांपूर्वीच्या राजाला आणि माझ्या मुलाला एकाच गोष्टीची गंमत वाटते, हे वाचून मला हसू आले.

पण फरक बघा. अल-जझरीची गाय शोभेची असली तरी तिच्या मागचे यंत्र खरेच पाणी वर चढवत होते. याच तत्त्वावरचे यंत्र पुढे दमास्कसमध्ये एका इस्पितळाला आणि मशिदीला पाणी देत असे. शोभा कामाच्या वर बसलेली होती, कामाच्या जागी नाही.

खाम नदीकाठची पनचक्की

पनचक्की म्हटले की महाराष्ट्रातल्या माणसाच्या डोळ्यांसमोर एकच जागा येते: औरंगाबादची, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरची पनचक्की. शाळेची सहल वेरूळला गेली की परतताना बस तिथे थांबतेच.

ती समजून घ्यायची तर आधी शहराचे पाणी समजून घ्यावे लागते. मलिक अंबर हा इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला आणि पुढे निजामशाहीचा कारभार हाती घेतलेला माणूस. त्याने १६१० मध्ये खडकी गावी राजधानी वसवली. डोंगरांनी वेढलेल्या त्या जागी त्याने जमिनीखालून नहर आणली, ती नहर-ए-अंबरी. डोंगराच्या पायथ्याशी जमिनीत झिरपणारे पाणी गोळा करायचे, उताराने बंद नळातून शहरात आणायचे, आणि वाटेत ठिकठिकाणी उंच मनोरे बांधायचे. मनोऱ्यात पाणी चढते, कोंडलेली हवा निघून जाते, पाणी पुन्हा उतरून पुढे जाते. ना पंप, ना बैल. पाण्याला उतार तेवढा हवा. मलिक अंबर १६२६ मध्ये वारला, पण नहरीची रीत शहराने सोडली नाही. पुढे तिथे आणखी नहरी झाल्या. पनचक्कीची नहर त्यांपैकी एक. हर्सूलकडच्या बाजूने, काही किलोमीटर लांबून, मातीच्या नळांतून ती येते.

ही नहर पोचते ती बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात. बाबा मुसाफिर आणि त्यांचे पीर बाबा पलंगपोश हे दोघे मध्य आशियातल्या बुखाऱ्याजवळच्या गिजदुवानचे, नक्शबंदी सिलसिल्याचे सूफी. 'पलंगपोश' या नावावर मराठी मुले हमखास हसतात, कारण आपल्याकडे पलंगपोस म्हणजे पलंगावरची चादर. फारसीत 'पलंग' म्हणजे बिबट्या. बिबट्याचे कातडे पांघरणारे ते पलंगपोश. ते औरंगजेबाच्या काळात दख्खनेत उतरलेल्या फौजांबरोबर हिंडत. बाबा मुसाफिर एका जागी राहिले, तकिया सांभाळला, आल्यागेल्याची सोय पाहिली. त्यांच्यामागे त्यांचे शिष्य शाह महमूद यांनी दोघांच्या आठवणींचा एक फारसी ग्रंथ केला, त्याचे नाव 'मलफुजात-ए-नक्शबंदिया'. सायमन डिग्बी यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला आहे. त्यात चमत्कार आहेत तसे भुकेले सैनिक आहेत, घरापासून हजार कोस दूर आलेले तुराणी तरुण आहेत, आणि रोजच्या जेवणाची चिंताही आहे.

पनचक्कीची तारीख वेगवेगळ्या ठिकाणी वेगळी वाचायला मिळते. काही ठिकाणी १६९५, काही ठिकाणी १७४४. वर्गात मी मुलांनाच निकाल करायला लावते. चक्की बांधणारा तुर्कताज खान हा निजाम-उल-मुल्क आसफजाहचा सरदार. निजाम-उल-मुल्क दख्खनचा सुभेदार म्हणून पहिल्यांदा आला १७१३ मध्ये आणि वारला १७४८ मध्ये. मग त्याच्या सरदाराने १६९५ मध्ये चक्की कशी बांधली असेल? चक्की अठराव्या शतकाचीच. तारखा पाठ करण्यापेक्षा अशा ताडून पाहायच्या असतात.

चक्कीची रचना साधी आहे. उंच भिंतीवरून पाणी वेगाने खाली येते आणि आडव्या चाकाच्या पात्यांवर आदळते. चाकाचा उभा दांडा सरळ वर जातो आणि वरच्या तळीला फिरवतो. खालची तळी स्थिर. मध्ये दाते नाहीत, की पट्टा नाही. चाक एकदा फिरले की तळी एकदा फिरली. हिमालयात आजही ज्यांना घराट म्हणतात त्या चक्क्या याच जातीच्या. पाण्याचा वापर तिथेच संपत नाही. समोर मोठा हौद आहे, त्यात कारंजी आहेत, आणि हौदाच्या खाली दालन आहे. हौदाचा तळ म्हणजे त्या दालनाचे छत. मे महिन्यात तिथे उतरले की अंगावर गारवा येतो. एकाच पाण्याने दळण केले, हौद भरला, वुजूची सोय केली, डोळे निववले आणि दालन थंड केले. इथेही शोभा आहे, पण ती सगळ्यांत शेवटी येते, काम झाल्यावर.

आणि दळण कुणासाठी? तकियावर येणाऱ्या फकिरांसाठी, मुसाफिरांसाठी, तिथे शिकणाऱ्यांसाठी. शेकडो भाकऱ्यांचे पीठ रोज हाताने दळायचे म्हणजे किती हात लागतील, हे ज्याने जाते ओढले आहे त्यालाच कळेल.

नानीचे जाते

माझ्या नानीने ओढले होते. पहाटेच्या अंधारात जात्याची घरघर, आणि तिच्याबरोबर ओवी. नमाजच्या आधी दळण उरकायचे. नानीच्या ओव्यांत विठोबाही येई आणि पीरही, माहेरचा भाऊ तर येईच. मराठी मुलखातल्या मुसलमान बायकांनी ओव्या गायल्या, हे आज सांगितले तर काही जणांना नवल वाटते. पुण्यातून काम करणाऱ्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांत मुसलमान गाणाऱ्याही आहेत.

त्या ओव्या सुंदर आहेत, पण एक गोष्ट विसरू नये. त्या कष्टाच्या पोटी जन्मल्या. नानीचा उजवा खांदा आयुष्यभर दुखत राहिला. गावात विजेवरची गिरणी आली तेव्हा तिला ओव्यांचे वाईट वाटले का, असे मी एकदा विचारले. ती म्हणाली, "वाईट कशाचं? झोप मिळाली." दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या ग्रीक कवीने हेच म्हटले होते. त्याने ते दळणाऱ्या मुलींना विचारले होते की नाही कोण जाणे. मी माझ्या नानीला विचारले आहे.

म्हणून पनचक्कीकडे मी 'आपले वैभव' म्हणून बघत नाही. दुसऱ्याचा खांदा वाचवणारी वस्तू म्हणून बघते.

पुण्याचे पाणी

हा लेख पुण्यात बसून लिहिते आहे, तर पुण्याचेही सांगायला हवे. औरंगाबादेत चक्की उभी राहत होती त्याच दशकांच्या आसपास पुण्यात नानासाहेब पेशवे कात्रजला तलाव बांधून शहरात पाणी आणत होते. साधारण १७५० चा सुमार. दगडी बांधणीचा नळ, जमिनीखालून, उताराने. मध्ये हवा जाण्यासाठी उच्छ्वास, आणि पेठापेठांतून हौद. शेवट शनिवारवाड्यात, जिथे हजारी कारंजे उडे.

राजकारणात निजाम आणि पेशवे एकमेकांसमोर उभे होते. १७२८ ला पालखेड, १७५२ ला भालकीचा तह, १७६० ला उदगीर. शाळेच्या पुस्तकात मुले हीच यादी पाठ करतात. पण जमिनीखाली दोघांची शहरे एकाच रीतीने पाणी पीत होती. तिकडे मनोरे, इकडे उच्छ्वास. तिकडे हौज, इकडे हौद. शब्द एकच, अरबी. लढाईच्या यादीइतकीच ही यादीही मुलांना पाठ असावी असे मला वाटते.

आणि पनचक्की पुण्याच्या आसपास संपलीही नाही, तिने फक्त रूप बदलले. १७५९ मध्ये इंग्लंडच्या जॉन स्मीटनने प्रयोग करून दाखवले की वरून पाणी घेणारे चाक खालून ढकलल्या जाणाऱ्या चाकापेक्षा साधारण दुप्पट काम देते, कारण तिथे पाण्याचे वजनही कामी येते. पुढे लाकडी चाकाची लोखंडी टर्बाइने झाली. लोणावळ्याच्या तलावांचे पाणी घाटाखाली सोडून टाटांनी १९१५ मध्ये खोपोलीला वीज केली, ती वाट्यांसारखी पाती असलेल्या पेल्टन चाकांवर. त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. पडते पाणी, चाक आणि गिरणी: नाती तीच, फक्त तकियाऐवजी मालकाची गिरणी.

थांबलेले आणि वाहते

आता एक गोष्ट, जी मला खरी सांगायची आहे.

पनचक्कीच्या आवारातच महाराष्ट्र राज्य वक्फ मंडळाचे कार्यालय आहे. 'वक्फ' हा शब्द गेली काही वर्षे आपण फक्त बातम्यांत ऐकतो: जमीन, दावा, कायदा, घोटाळा, आरोप. माझे मराठी सहकारी मला विचारतात, "हे वक्फ म्हणजे नेमके काय हो?" मी त्यांना कायद्याचे कलम सांगत नाही. पनचक्की सांगते.

अरबीत 'वक्फ' म्हणजे थांबवणे. मालमत्ता थांबवली: ती आता विकायची नाही, वाटायची नाही, वारसांत जायची नाही. आणि दुसरा शब्द आहे 'सदका-ए-जारिया'. जारी म्हणजे वाहते. देणारा मेल्यावरही ज्याचे पुण्य वाहत राहते ते दान: विहीर, झाड, शिकवलेली विद्या. मूळ वस्तू थांबलेली, फायदा वाहता. चक्कीत खालची तळी हलत नाही म्हणूनच वरची दळू शकते.

दोन्ही हवेत. आपल्याकडे अनेक ठिकाणी उलटे झाले आहे. मालमत्ता हळूहळू वाहून गेली आणि फायदा थांबला. यात बाहेरच्यांची हाव आहे आणि आपल्या माणसांचीही आहे. बाहेरच्यांवर बोलताना आपला आवाज मोठा होतो, आपल्यांवर बोलताना खाली जातो. कब्जा कुणाचा, हा प्रश्न महत्त्वाचा आहेच. पण त्याच्या आधी एक प्रश्न असतो: पीठ कुणाच्या घरी जाते?

हा प्रश्न माझा नाही. काही वर्षांपूर्वी सहलीला नेलेल्या सातवीतल्या एका मुलीचा आहे. बाकीची पोरे हौदातले मासे बघत होती, फोटो काढत होती. ती चक्कीच्या खोलीपाशी उभी राहून आत बघत होती. मला म्हणाली, "टीचर, चाक फिरतंय. पण पीठ कुठंय?"

मी तिला सांगितले, आता गिरण्या आहेत, विजेवर पीठ होते, ही जुनी वस्तू बघण्यासाठी ठेवली आहे. उत्तर खरे होते, तिला पुरले. मला पुरले नाही. आजच्या काळाचे पीठ म्हणजे वसतिगृहातली एखाद्या मुलीची खाट, शिष्यवृत्तीचे चार पैसे, दवाखान्यातले औषध. तीनशे वर्षांपूर्वीच्या परदेशी फकिरांनी आणि एका सरदाराने पाण्याचा उतार बघून भाकरीची सोय केली. आपण जुम्म्याला पूर्वजांचे गुण ऐकतो आणि घरी येऊन जेवतो. शोभेची चक्की आपणही होऊन बसलो आहोत की काय, अशी शंका मला येते. फिरतो खूप, दळत काही नाही.

परसातले चाक

आमच्या चाकाचे पुढे काय झाले ते सांगते.

मिस्त्रींनी ते केले. सागवानाची दोन कडी, त्यांमध्ये बारा खण, मध्ये लोखंडी आस. फिरवून बघितले तेव्हा छान फिरले. पंप लावून आठवडाभर चालवले, मग दोन दिवस बंद राहिले आणि तिसऱ्या दिवशी अडखळू लागले. अर्धी फेरी झरकन, अर्धी रडत. मिस्त्री हसले. "थांबलेलं चाक खालच्या बाजूला ओलं राहतं, वरून सुकतं. ओलं लाकूड जड. लाकडाच्या चाकाला थांबवून ठेवायचं नसतं, टीचर." त्यांनी ते उतरवले, सावलीत सुकवले, तेल पाजले आणि समतोल साधायला एका बाजूला लहानसा खिळा मारला.

पण तोवर माझे मन पंपावरून उडाले होते. आमच्या भागात उन्हाळ्यात टँकर येतो. शेजारची बाई दोन हंड्यांसाठी रांगेत उभी, आणि आमच्या परसात पाणी शोभेसाठी गोल फिरते आहे, हे मला बघवेना. वाहत्या नदीकाठी बसला असलात तरी वुजूला पाणी उधळू नका, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. नदी तर दूरच, हा टँकर होता.

मुलाने तोड काढली. गच्चीवरून पावसाचे पाणी खाली आणणारा पाइप परसाच्या कोपऱ्यात उतरतो. त्याचे तोंड त्याने चाकावर वळवले, चाकाखाली पिंप ठेवले. पिंपातले पाणी कढीपत्त्याला, मोगऱ्याला आणि धुण्याला. जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस झाला तेव्हा आम्ही सगळे मागच्या दारात उभे होतो. पाइप आधी गुरगुरला, मग धार पडली, चाक क्षणभर अडले आणि फिरू लागले. मिस्त्रींना फोन केला. ते म्हणाले, "आता पाणी चाकाला फिरवतंय ना? मग बरोबर आहे."

आता आमचे चाक फक्त पावसाळ्यात फिरते. मिस्त्रींच्या सांगण्यावरून ते उरलेले आठ महिने सावलीत, तेल लावून, टांगून ठेवतो. ते दळत काही नाही हे खरे. पण पिंप भरते. आणि पुढच्या सहलीला पनचक्कीपाशी कुणी मुलीने पुन्हा विचारले, "टीचर, पीठ कुठंय?", तर या वेळी मी तिला लगेच उत्तर देणार नाही. आधी तिच्याबरोबर तिथेच बसेन, आणि आपण पीठ कुठे करू शकतो याची यादी तिच्याकडूनच लिहून घेईन.